आतल्या खोलीतला खडा

१

आतल्या खोलीत जायचं तर आधी बाहेरचं सगळं उतरवून ठेवावं लागे. घड्याळ, अंगठी, कानातलं, मोबाइल, खिशातल्या किल्ल्या. मग डोक्यापासून पावलांपर्यंत पांढरा झगा, हातमोज्यांवर आणखी हातमोजे आणि तोंडाला मुखपट्टी. मग डोक्यापासून पावलांपर्यंत पांढरा झगा, हातमोज्यांवर आणखी हातमोजे आणि तोंडाला मुखपट्टी. "एवढी तयारी तर नवरीसुद्धा करत नाही," छोटी म्हणायची.

छोटी म्हणजे ताईची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच प्रयोगशाळेत होत्या. छोटी तिला ताई म्हणे म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच तिला ताई म्हणू लागले होते.

काम होतं खडकांचं वय काढायचं. खडक दळला की त्यातून मिठाच्या कणाएवढे झिरकॉनचे खडे निघतात. त्यांत युरेनियम असतं आणि त्याचं हळूहळू शिसं होत जातं. कुणी घाई केली म्हणून ते लवकर होत नाही, की कुणी विसरलं म्हणून थांबत नाही. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं ते मोजलं की वय कळतं. शिवाय युरेनियम दोन जातींचं असतं आणि दोघांची चाल वेगळी, त्यामुळे एकाच खड्यात दोन घड्याळं असतात. दोन्ही एकच वेळ सांगू लागली तर वय पक्कं समजायचं.

पण शिसं काय, सगळीकडेच असतं. रंगात, धुळीत, बोटाच्या घामात. म्हणून ही आतली खोली. तिथे धातूचा खिळासुद्धा नव्हता. पांढरं प्लास्टिकचं टेबल, पांढरं स्टूल, आणि छतातून गाळून येणाऱ्या हवेचा एकसुरी सूं सूं आवाज. दाराला हातभर लांबीची काच, एवढीच काय ती खिडकी.

ताईने इथे नवी पद्धत बसवली होती. खडे आधी भट्टीत भाजायचे, मग आम्लात ठेवायचे. खराब झालेला भाग विरघळून जातो आणि शाबूत गाभा तेवढा उरतो. त्यामुळे जिथे पूर्वी वीस-पंचवीस लाख वर्षं इकडे-तिकडे व्हायची, तिथे आता दोन-तीन लाखांवर आलं होतं. ताईला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

आणि नेमकं त्यानंतरच ते दिसलं. प्रत्येक खेपेला नमुन्यांबरोबर एक ओळखीचा खडा मोजतात. त्याचं वय जगभरच्या प्रयोगशाळांनी ठरवून ठेवलेलं आहे, छप्पन्न कोटी वर्षं. आपलं यंत्र नीट चाललंय ना, हे त्याच्यावरून कळतं. त्या दिवशी तो खडा पाच-सहा लाख वर्षांनी म्हातारा निघाला.

ताईने पुन्हा मोजला. मग दुसरा तुकडा घेतला, नवं आम्ल आणलं, नवी भांडी घेतली. प्रत्येक वेळी खडा म्हाताराच निघाला.

२

प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणत, कारण त्यांना दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांपलीकडे जगात काही दिसत नसे. त्यांनी ताईला भर बैठकीत उभं केलं.

"ताई, तुमचा हात अस्वच्छ आहे," ते म्हणाले.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हाताखालून गेलेल्या भांड्यातून उद्या कुणाला तान्ह्या बाळाला दूध पाजायचं असतं, तर खुशाल पाजावं, असा तिचा हात.

"साहेब, मळ असता तर दोन घड्याळं भांडली असती," ती म्हणाली. "मळातलं शिसं वेगळं असतं. ते एका घड्याळाला जास्त पळवतं, दुसऱ्याला कमी. इथे दोन्ही एकच वय सांगतायत. शिवाय युरेनियमसुद्धा तेवढंच कमी झालंय. मळाने शिसं वाढेल हो, पण युरेनियम कसं कमी होईल?"

"मग काय, खडा खरोखर म्हातारा झाला म्हणता?" साहेब हसले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही हसले. यंत्र चालवणारा, जो रोज ताईच्या डब्यातलं खात असे, तोही हसला.

"मी म्हणत नाहीये. खडा म्हणतोय."

"खड्याची बाजू घ्यायला तुम्हाला पगार देत नाही आपण."

छोटी टेबलाच्या टोकाला बसली होती. ती हसली नाही, पण काही बोललीही नाही. तिची नेमणूक वर्षावर्षाच्या करारावर होती आणि यंदा कायम होण्याची वेळ आली होती. ताईला ते कळत होतं, तरी तिला वाईट वाटायचं ते वाटलंच.

३

घरी तिघीच असत. आई आणि या दोघी. त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आईकडे नुसती बघत राहिली.

"सकाळीच गेलीस ना गं?" आई म्हणाली. "मग अशी काय बघतेस, जन्मात पाहिलं नसल्यासारखी?"

ताईने हसण्यावारी नेलं. पण खरं तर तिला आईचा चेहरा खूप दिवसांनी दिसत होता. जेवायला बसल्यावर तिने चमचा मागायला तोंड उघडलं आणि त्याला काय म्हणतात तेच तिला सुचेना. तिने बोटाने दाखवलं. आईने चमचा दिला आणि काळजीने तिच्या कपाळाला हात लावला.

असं हल्ली होऊ लागलं होतं. आतल्या खोलीत अर्धा दिवस गेला की होई. ताईने स्वतःची समजूत घातली होती. हवेचा आवाज डोक्यात बसतो, आम्लाचा वास, झोप कमी, आणि वर हे साहेब. ती काही गंडेदोरे बांधणाऱ्यांतली नव्हती. तरीही एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. आत गेल्याचं आठवे, बाहेर आल्याचं आठवे, पण मधलं काहीच आठवत नसे. फक्त खूप बसल्याची सवय अंगात उरे. उठावंसं वाटायचं नाही, आणि कंटाळा तर कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नियम मोडून तिने घड्याळ पिशवीत बंद करून आत नेलं. बाहेर आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तर दोन्ही अगदी बरोबर होती. सकाळी गेलेली ती दुपारी बाहेर आली होती, बस्स. ताईला हायसं वाटलं आणि आपण असली परीक्षा घेतली याची लाजही वाटली.

त्या दिवशीचा खडासुद्धा म्हातारा निघाला.

४

हात स्वच्छ आहेत हे सिद्ध करायचं, तर दुसऱ्याच्या हातून करायला हवं होतं. ताईने एका मोठ्या खड्याचे तुकडे केले. काही तुकडे बाहेर कपाटात ठेवले. काही आतल्या खोलीत, सुट्टी लागून सगळी इमारत बंद होती तेव्हा, एकटेच राहू दिले. आणि काही झाकलेल्या डबीत घालून ती स्वतः त्यांच्याजवळ बसली. ती त्यांना हात न लावता, हात मांडीवर ठेवून, अर्धा दिवस नुसती बसून राहिली. मग कुठल्या नळीत कुठले तुकडे आहेत हे न सांगता तिने सगळं दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा छोटी तिच्या खांद्यावरून वाचत होती. कपाटातले तुकडे बरोबर होते. खोलीत एकटे राहिलेलेही बरोबर होते. ताईजवळ बसलेले तेवढे म्हातारे झाले होते, आणि दोन्ही घड्याळं एकमतात होती.

"अगं, जिंकलीस तू!" छोटी म्हणाली.

ताईलाही क्षणभर तसंच वाटलं. ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांनी आकडे वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे खोली स्वच्छ, खडा स्वच्छ. यंत्र तर आपलं नव्हतंच. मग उरलं कोण, ताई?"

"साहेब, डबी बंद होती! मी हातसुद्धा लावला नव्हता!"

"म्हणजे हात न लावतासुद्धा तुम्ही बिघडवता. कमाल आहे."

आता याला काय म्हणावं? बाई स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पुरावा आणते आणि हा माणूस तोच तिच्या गळ्यात बांधतो. ताईचा आवाज चढला. "अहो, तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? तो खडा माझ्याजवळ होता तेव्हा त्याच्यावरून पाच लाख वर्षं गेलीत. आणि तेव्हा मीही तिथेच बसले होते!"

"बरं मग?" साहेब म्हणाले. "दिसत तर नाही तुमच्या तोंडावर."

५

मग त्यांनी तोड काढली. मोजणाऱ्या माणसाची तोड नेहमी एकच असते. चूक कुठून येते हे कळलं नाही तरी चालतं, ती दरवेळी सारखी आली म्हणजे झालं. मग ती वजा करता येते. आत माणूस किती तास बसला ते लिहायचं आणि तेवढी वर्षं उत्तरातून काढून टाकायची.

त्यासाठी आलेखावर एक रेघ आखायची होती. एक तास, दोन तास, अर्धा दिवस, पूर्ण दिवस. कुणीतरी खड्याजवळ तेवढा वेळ बसायचं होतं. ताईने साफ नकार दिला, तेव्हा तिला आतल्या खोलीत यायलाच बंदी झाली. साहेबांनी छोटीला बोलावलं आणि कायम नेमणुकीची गोष्टही जाता जाता काढली.

पहिले आकडे आले. तासाला लाखभर वर्षं, थोडी इकडे-तिकडे. रेघ सरळ आली म्हणून साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. परिषदेचं बोलावणं आलं. एवढी अचूक प्रयोगशाळा दुसरी नाही, असं लोक म्हणू लागले. ही वर्षं वजा केली ती गेली कुठे, कुणावरून गेली, हे एकानेही विचारलं नाही. एकानेही नाही!

"तासाला लाख," छोटी घरी सांगत होती. "म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी पेन्शनच पिकली म्हणायची."

"छोटी, परवा तू दोन तास बसून घरी आलीस तेव्हा आईला काय म्हणालीस, आठवतंय?"

"काय म्हणाले?"

"आईने पाणी दिलं, तर तू तिला म्हणालीस, 'अहो, कशाला त्रास घेतलात.'"

छोटी हसली. आई हसली नाही. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात तेवढा थांबला.

"गंमत केली असेन," छोटी म्हणाली.

"गंमत केली नव्हतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. उद्याचा पूर्ण दिवस तू बसायचं नाहीस. नोकरी गेली खड्ड्यात. माझ्या पगारात भागेल आपलं."

"तुझ्याच पगारात भागत आलंय, ताई, लहानपणापासून," छोटी म्हणाली. ती आता हसत नव्हती. "मलापण काहीतरी माझं हवं ना? एकच दिवस आहे. आणि तू जे म्हणतेस ते तुझं तुला तरी पटतं का?"

 ताईला ते पूर्णपणे पटत नव्हतंच. पटलं असतं तर तिने छोटीला खोलीत कोंडून ठेवलं असतं.

६

दुसऱ्या दिवशी छोटी सकाळी आत गेली. झगा चढवताना तिने बाहेरच्या बाकावर बसलेल्या ताईकडे बघून जीभ काढली आणि मग मुखपट्टी वर ओढली. दार लागलं. पायपुसण्याचा चर्रर्र आवाज झाला. त्यानंतर भिंतीपलीकडून नुसतं सूं सूं ऐकू येत राहिलं.

ताईला दारापर्यंत जायची बंदी होती. ती बाहेरच्या खोलीत भांडी धूत बसली. धुतलेलीच पुन्हा धुतली. दुपारी साहेब एक चक्कर मारून गेले. "रेघेवर शेवटचा ठिपका पडला की झालं," म्हणाले. ताईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आतून इतर काहीच आवाज येत नाही. माणूस कितीही शांत बसला तरी स्टूल कुरकुरतं, खोकला येतो, पाय हलतो. ताई स्वतः आत असताना तरी काय हालचाल करत होती? तिला ते आठवेना. ती उठली आणि बंदी-फिंदी न जुमानता दाराच्या काचेला तोंड लावून उभी राहिली.

छोटी पाठमोरी बसली होती. पांढऱ्या झग्याला एक सुरकुती नव्हती. ताईची नजर टेबलावर गेली. छोटीची कोपरं जिथे टेकली होती, तिथली टेबलाची कड झिजली होती. वापरून वापरून साबणाची वडी मधे पातळ होते, तशी. ताईने खाली पाहिलं. स्टुलासमोर, पाय टेकायच्या जागी, जमिनीत दोन खळगे पडले होते. गुळगुळीत आणि चांगले खोल. छोटीची पावलं त्यांत अगदी नीट बसली होती.

मग छोटीने मान वळवली. फार सावकाश. मुखपट्टी नव्हती. चेहरा तिचाच होता, कालच्याएवढाच तरुण, एक केस पांढरा नव्हता. तिने काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे कुणी माणूस आहे, असं त्या बघण्यात कुठेच नव्हतं. आपण भिंतीवरच्या डागाकडे बघतो तसं तिने पाहिलं, आणि मान पुन्हा जागेवर नेली.

ताईने दार ओढलं. धोक्याची कर्कश शिट्टी वाजायला लागली. आत पाऊल टाकलं तर टेबल नवं कोरं होतं, कड धारदार होती, जमीन सपाट होती. दिव्याच्या उजेडात सगळं पांढरंशुभ्र चकाकत होतं. ताईने हातमोजा न घातलेला तळवा जमिनीवर फिरवला. कुठे काही नव्हतं. आपले डोळे गेले की डोकं, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवायला वेळही नव्हता.

"छोटी, ऊठ," ती म्हणाली. "ऊठ, माझे आई."

छोटी उठली. कुणीतरी ऊठ म्हणालं म्हणून उठावं, तशी.

७

शिट्टी ऐकून साहेब धावत आले. "झग्याशिवाय आत शिरलात? उघड्या हातांनी? अहो, सगळा दिवस फुकट गेला! तो ठिपका गेला माझा!"

"ठिपका?" ताई किंचाळली. "तिच्याकडे बघा जरा! माणूस आहे ती! तुमच्या रेघेवरचा ठिपका नाहीये!"

छोटी दोघांच्या मधे उभी होती. तिने अंगातला झगा उतरवून घडी घातली. ती कुणाकडेच बघत नव्हती. तिचे कानातले डूल आणि घड्याळ ट्रेमध्ये होतं. ताईने ते तिच्यापुढे धरलं. छोटीने डूल उचलून उजेडात फिरवून पाहिलं आणि पुन्हा जपून ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसं.

"नेमकी किती वेळ बसलात?" साहेबांनी तिला विचारलं. त्यांच्या हातात पेन तयार होतं. "वेळ तरी मिळू दे."

छोटीने त्यांचा प्रश्न मन लावून ऐकला. "कुठपासून धरू?" ती म्हणाली. शब्द जरा अडखळत आला, पण आवाज गोड होता, समजूतदार होता.

"सकाळपासून, दुसरं काय!"

"सकाळ," छोटी म्हणाली, आणि तो शब्द तिने तोंडात घोळवून पाहिला. मग क्षमा मागितल्यासारखी मान हलवली.

ताईने तिचे दोन्ही दंड धरले. ते गरम होते. नाडी चालत होती. हिला हाताला धरून चालायला शिकवलं होतं, तापात रात्रभर मांडीवर घेतलं होतं, शाळेच्या फाटकाशी हिची वाट बघत उन्हात उभं राहावं लागे म्हणून शिव्याही घातल्या होत्या. आणि आता ती समोर होती, धडधाकट होती, आणि ताईला काही केल्या तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. ताईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"मी ताई आहे गं. ताई. आई वाट बघतेय. चल, घरी जाऊ आपण. घरी."

त्या शब्दावर मात्र छोटीचा चेहरा एकदम फुलला. इतका वेळ नसलेली ओळख तिच्या डोळ्यांत उमटली. "हो," ती म्हणाली. "घरी." तिने ताईच्या हातांतून आपले दंड अलगद सोडवून घेतले, नुकताच घडी घातलेला झगा पुन्हा उचलला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे वळली.

साहेबांनी घाईघाईने तिच्यासाठी दार उघडून धरलं. "बघा," ते ताईला म्हणाले, "तिची स्वतःची काही हरकत नाहीये. उगाच तुम्ही राईचा पर्वत करता."

ताईने त्यांना इतक्या जोरात ढकललं की त्यांचा चष्मा उडाला. दार लावून ती त्याला पाठ टेकून उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला ताणून. साहेब ओरडत होते, कुणालातरी बोलवा म्हणत होते. धावत्या पावलांचे आवाज येत होते. पाठीमागून दारातून सूं सूं येत होतं.

छोटी रागावली नाही. तिने ताईला बाजूला हो म्हटलं नाही. ती झगा हातावर घेऊन समोर उभी राहिली आणि ताई दमायची वाट बघू लागली.